विहिरीचा काठ आणि ट्रॅक्टरचं चाक

४ एप्रिल २०२५ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बायका नेहमीसारख्या ट्रॉलीत बसून मजुरीला निघाल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात पोचल्यावर ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बायकांचा जीव गेला. विहिरीत पाणी होतं, आणि ट्रॉली त्यांच्या अंगावर होती.

त्या आठवड्यात सगळीकडे चर्चा होती. पंतप्रधानांनी, मुख्यमंत्र्यांनी मदत जाहीर केली. मग नेहमीप्रमाणे दुसऱ्या बातम्या आल्या. ही घटना एकटी नव्हे. १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली, २६ माणसं गेली, त्यात बहुतेक बायका-मुलं. २ ऑक्टोबर २०२५ ला मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यात विसर्जनाला निघालेली ट्रॉली पाण्यात गेली, ११ जण गेले. तिन्ही ठिकाणी माणसं वेगळी, कारण वेगळं, पण साधन एकच आणि मरण्याची रीतही एकच: ट्रॅक्टर, मागे माणसांनी भरलेली ट्रॉली, बाजूला पाणी.

आमच्या शाळेत शेतकऱ्यांची मुलं येतात, मजुरांची येतात आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असलेल्यांची तर पुष्कळ येतात. आपल्या समाजात स्वतःची जमीन थोड्यांकडे आणि स्टिअरिंग बऱ्याच जणांच्या हातात, असं चित्र मराठवाड्यातल्या अनेक गावांत दिसतं. त्यामुळे हा विषय फक्त बागायतदारांचा समजू नये. आपले अब्बा, भाई, मामू ट्रॅक्टरवर आहेत. आपल्या अम्मी, खाला, फुफी ट्रॉलीत आहेत.

ट्रॅक्टर काठावर एवढा धोक्याचा का, हे आम्ही नववीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला समजावून सांगतो. गुरुत्वमध्याचा धडा पुस्तकात कोरडा वाटतो, ट्रॅक्टर फळ्यावर काढला की वर्ग जागा होतो. मुलांना वाटतं ट्रॅक्टर चार चाकांवर उभा आहे. खरं म्हणजे तो तीन टेकूंवर उभा असतो. पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता बसवलेला असतो, खड्ड्यांत पुढची चाकं वरखाली व्हावीत म्हणून. म्हणजे मागची दोन चाकं आणि पुढची ती मधली खिळी असा त्रिकोण झाला. ट्रॅक्टरचं वजन या त्रिकोणाच्या आत आहे तोवर तो उभा, बाहेर गेलं की आडवा. मागची चाकं मोठी, इंजिन उंचावर, ड्रायव्हर त्याहून उंच. मोटार ज्या उतारावर आरामात उभी राहील, तिथे ट्रॅक्टरचं वजन त्रिकोणाच्या कडेशी आलेलं असतं. मग एका बाजूचं चाक वीतभर खचलं, किंवा दुसऱ्या बाजूचं एखाद्या धोंड्यावर चढलं, एवढं पुरतं. त्यात वेग. वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. हे गणित मुलं वहीत बिनचूक सोडवतात. रविवारी तीच मुलं बांधावर ट्रॅक्टर फिरवताना दिसतात, तेव्हा वही घरी असते.

आता काठाचं बोलू. खरी गोम तिथे आहे, कारण ड्रायव्हर चाकाकडे बघतो आणि चाकाखालच्या मातीकडे बघत नाही. साधारण ४०-५० एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. भरलेली ट्रॉली त्याहून जड. विहिरीचा, कॅनॉलचा, नाल्याचा काठ वरून सपाट दिसला तरी त्याला एका बाजूने आधार नसतो. वरून वजन पडलं की माती सरळ खाली दबत नाही, मोकळ्या बाजूला तिरकी सरकते. म्हणून जगभर शेतीसुरक्षा शिकवणारे एक सोपा हिशेब देतात: चर किंवा नाला जेवढा खोल, निदान तेवढं अंतर काठापासून ठेवा. सहा फूट खोल चारी असेल तर चाक सहा फूट लांब. पाऊस झाला असेल, कॅनॉलला नुकतंच पाणी सोडलं असेल, तर आणखी लांब.

हा हिशेब विहिरीला जसाच्या तसा लावला तर शेतकरी हसतील. चाळीस फूट विहिरीपासून चाळीस फूट लांब राहायचं म्हणजे कित्येक गुंठे रान सोडायचं. ते हसणं आम्हाला समजतं. आपल्याकडच्या बहुतेक विहिरी खाली मुरूम आणि काळ्या दगडात गेलेल्या असतात. दगड सहसा ढासळत नाही. घात करते ती वरची माती. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. वैशाखात दगडासारखा वाटणारा काठ मृगात लोण्यासारखा होतो. शिवाय विहीर खोदताना निघालेला मलबा काठावरच पसरलेला असतो. त्यावर गवत वाढतं, जमीन जुनी आणि घट्ट वाटते, खाली मात्र भुसभुशीत भर असते. म्हणून निदान मातीच्या थराच्या खोलीएवढं अंतर सोडावं. आणि जिथे कठडाच नाही तिथे आमच्या मते ट्रॅक्टर-ट्रॉलीची जेवढी लांबी, तेवढ्या टप्प्यात वळायचं नाही, रिव्हर्स घ्यायचा नाही.

रिव्हर्सवर जोर देण्याचं कारण आहे. फवारणीचा टँकर भरायला, पाइप उतरवायला, मोटर काढायला ट्रॅक्टर पाठीमागून विहिरीकडे किंवा शेततळ्याकडे लावतात. ट्रॉली जोडलेली असली की रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं वागतं. नवख्याला तेवढ्यात गोंधळ पुरे. मागचं नीट दिसत नाही, आणि खाली उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा भाऊ नेमका ट्रॉली आणि काठ यांच्या मधे उभा असतो. पाइप चार हात लांब घ्यावा, ट्रॅक्टर लांब उभा करावा. पाइप स्वस्त आहे. जवळ जाणं भागच असेल तर काठाच्या अलीकडे मातीचा गुडघाभर बांध घालून ठेवावा, म्हणजे चाक आपोआप अडतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उन्हाळ्यात तलावांतून गाळ काढतात, तिथेही हाच बांध उपयोगाचा. गाळाची ट्रॉली हायड्रॉलिकवर उचलली की तिचं वजन उंच जातं. खालची जमीन एका अंगाला कललेली असली तर ट्रॉली उलटते आणि ट्रॅक्टरलाही ओढते. सपाट जागा शोधूनच ट्रॉली उचलावी, मग गाळ फावड्याने पसरावा लागला तरी चालेल.

उर्दू शिकवत असल्यामुळे एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. ‘एहतियात’ हा शब्द आपल्या घरांत दिवसातून दहा वेळा येतो. तो ज्या अरबी धातूतून आला, त्यातूनच ‘इहाता’ म्हणजे चहूबाजूंनी घेरलेलं आवार, आणि त्यातूनच अरबीत ‘हाइत’ म्हणजे भिंत. मुळात अर्थ घेरण्याचा, भोवती भिंत घालण्याचा. तेव्हा विहिरीला कठडा बांधणं ही अगदी शब्दशः एहतियात झाली. पण गावोगाव बघा, खोदकामाला, मोटरीला पैसे मिळतात, कठड्याच्या वेळी हात आखडतो. ‘पुढच्या सुगीनंतर बांधू’ म्हणतात. तीन फूट दगड रचले, नाहीतर चार मेखा ठोकून वर पांढरा कपडा बांधला, तरी अंधारात, धुक्यात, उंच वाढलेल्या उसात किंवा तुरीत विहीर कुठे आहे ते कळतं. गावच्या ड्रायव्हरला ती ठाऊक असते. पलीकडच्या गावाहून भाड्याने आलेल्याला नसते.

ब्रेकबद्दल एक गोष्ट जाणत्या ड्रायव्हरांनाही आठवण करून द्यावी लागते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावायची असते. ती न लावता कॅनॉलच्या रस्त्याने जाताना घाईत एकाच पेडलावर पाय पडला तर एकच चाक थांबतं, आणि ट्रॅक्टर झटक्यात त्या अंगाला वळतो. ते अंग पाण्याचं असेल तर बोलायलाच नको. शेतातून बाहेर निघताना आधी पट्टी लावायची, मग गिअर टाकायचा. एवढी सवय घरातल्या लहानग्यानेही बाबांना विचारून लावून घ्यावी.

उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणं हा आणखी एक जुना रोग. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरवर उतरायचं, इंजिनच गाडी धरून ठेवतं. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो. उताराच्या मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की तेवढ्या क्षणात लगाम सुटतो, म्हणून गिअर वरच ठरवून घ्यायचा. कोकणातल्या आणि घाटाखालच्या वाचकांना हे सांगायला नको. तिथे रानात जायची वाटच दरडीच्या कडेने असते. आडव्या उतारावर नांगरताना वळण घ्यायचं ते उताराच्या दिशेने, आणि मागे लावलेलं अवजार शक्य तेवढं खाली ठेवायचं. कडेच्या शेवटच्या दोन सऱ्या सुटल्या तर सुटू द्याव्यात. तिथे गवत राहिलं तर काठही धरला जातो.

चिखलात रुतलेला ट्रॅक्टर हा वेगळाच सापळा. ओढ्यात, तळ्याच्या कडेला मागची चाकं रुतली की ड्रायव्हर रेस वाढवतो. चाक फिरायला जागा नाही, मग इंजिनाचा जोर जातो कुठे? तो ट्रॅक्टरचं धूडच आसाभोवती फिरवतो: पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर उभा राहून मागे ड्रायव्हरवर पडतो. परत न फिरण्याची ती घडी पाऊण सेकंदात येते आणि दीड सेकंदात सगळं संपतं, असं अभियंते सांगतात. एवढ्या वेळात माणूस ‘अरे’ सुद्धा म्हणू शकत नाही. ‘आपण उडी मारू’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी घड्याळ धरून दीड सेकंद मोजून बघावा. मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका साखळीने बांधून निघायचा जुगाड तर कधीच करू नये. ट्रॉली सोडावी, हळूच रिव्हर्सने येतो का बघावं, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब साखळीने, खालच्या हुकाला बांधून सावकाश ओढावं. साखळीच्या आसपास कुणी उभं राहू नये.

पुराच्या फरशी पुलावर ‘ट्रॅक्टर आहे, निघेल’ हा विश्वास कुठून आला कळत नाही. मोठी चाकं म्हणजे मोठ्या हवेच्या पिशव्या. पाणी चढलं की तीच चाकं ट्रॅक्टरला वर उचलू पाहतात, पकड सुटते आणि वाहतं पाणी आडवं ढकलतं. त्यात फरशीचा कोपरा आदल्या रात्री वाहून गेलेला असला तर वरून काही दिसत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबावं.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर ड्रायव्हरभोवती मजबूत लोखंडी चौकट सक्तीची झाली, आणि तिथे ट्रॅक्टर उलटून मरणारे वर्षागणिक कमी होत जवळजवळ थांबले. आपल्याकडे ऊन-पावसासाठी पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छत लावतात, त्याला कुणी ही चौकट समजू नये. ते ट्रॅक्टरचं वजन झेलत नाही. नवा ट्रॅक्टर घेताना म्युझिक सिस्टिमऐवजी या चौकटीची चौकशी करावी. चौकट असेल तर सीटबेल्ट लावायचाच. चौकट नसेल तर मात्र लावायचा नाही, कारण तेव्हा बेल्ट माणसाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो. हे वाक्य वर्गात दोनदा सांगावं लागतं.

आता ट्रॉलीतल्या माणसांबद्दल. कायद्याने ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. विम्याची कंपनीही ट्रॉलीत बसलेल्यांचं नुकसान सहसा मोजत नाही, आणि मग वारसांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सकाळी सातला दहा-पंधरा बायका ट्रॉलीत उभ्या असतात. का? कारण रान पाच-सहा किलोमीटर लांब असतं, रिक्षाचे पैसे मजुरीतून जातात, आणि मालक फुकट नेतो-आणतो. या बायकांना ‘ट्रॉलीत बसू नका’ म्हणणं म्हणजे ‘कामाला जाऊ नका’ म्हणणं आहे. असा उपदेश करणं आम्हाला बरं वाटत नाही. मजुरी ठरते तेव्हा जाण्यायेण्याचं भाडंही ठरावं, हे मालकांच्या दारात मोठ्यांनी मांडायला हवं. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर ज्या गप्पा होतात, त्यात या एका विषयाला जागा मिळाली तरी पुष्कळ. तोवर निदान दोन गोष्टी बायकांना स्वतःच्या हातात घेता येतील. शिवाराच्या तोंडाशी, पक्का रस्ता संपतो तिथेच उतरायचं आणि पुढे पायी जायचं. विहिरी, चाऱ्या, ओढे सगळे त्या पुढच्या टप्प्यातच असतात. आणि स्टिअरिंगवर पोरगं दिसलं तर चढायचं नाही.

पोरगं, म्हणजे आमचे विद्यार्थी. आठवीतला मुलगा ट्रॅक्टर चालवतो याचं घरात कौतुक असतं, मामू त्याचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवतात. त्याचा पाय पेडलाला पुरत नाही म्हणून तो सीटवरून घसरून दाबतो, हे व्हिडिओत दिसतं, पण कुणी बघत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पालक सभेत हे वाचून दाखवलं तेव्हा आया घाबरल्या, वडील हसले. एक अब्बा म्हणाले, “आपा, रानात कोण पोलीस येतो?” पोलीस येत नाही हे खरंच. आम्ही म्हटलं, “भाईजान, विहीर तर रानातच आहे ना?” ते गप्प बसले, पुढे मुलाला ट्रॅक्टर दिला की नाही, ते त्या मुलालाच ठाऊक.

सरकारी मदतीचंही माहीत असू द्यावं. ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये देते. ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या, सातबारावर नाव नसलेल्या एका सदस्यासाठी आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. ज्या घराचा सातबाराच नाही, ते घर या योजनेत बसत नाही. म्हणजे ट्रॉलीत उभी असलेली भूमिहीन बाई नेमकी बाहेर राहते. आलेगावसारखी घटना मोठी असली तर वेगळी मदत जाहीर होते; एकटीदुकटी गेली तर तिच्यासाठी कोण जाहीर करणार? मजूर म्हणून ज्या ज्या ठिकाणी नोंदणी होऊ शकते ती करून ठेवावी, बँकेतून वीस रुपयांत वर्षभराचा जो अपघात विमा मिळतो तो तरी घ्यावा. घरातल्या प्रत्येक कमावत्या बाईच्या नावाने घ्यावा, फक्त पुरुषांच्या नाही.

आणि इतकं करूनही कुणी पाण्यात पडलंच, तर काठावरच्यांनी काय करायचं? आधी ११२ आणि १०८ ला फोन. विहिरीत उडी मारायची नाही. पट्टीचा पोहणाराही बुडणाऱ्याच्या मिठीत आणि ट्रॉलीच्या लोखंडात अडकतो. दोर, साडी, फवारणीचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, ट्यूब, काय हाताशी असेल ते फेकायचं. जुनी माणसं बाजेला चार दोर बांधून विहिरीत सोडायची. ती युक्ती आजही चालते, आणि लहान मुलाला वर घ्यायला त्याहून चांगलं साधन गावात दुसरं नाही. विहिरीपाशी एक जाड दोर कायम टांगलेला असावा, घरी कोठीत ठेवलेला नव्हे.

वर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जायची भीती असते. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, अँब्युलन्स येईपर्यंत. बाईला हात कसा लावायचा असा संकोच कुणी त्या वेळी करू नये, आणि करणाऱ्याला कुणी बोलू नये. जो शुद्धीवर आला, चहा प्यायला, ‘मला काही झालं नाही, घरी जाऊ द्या’ म्हणाला, त्यालाही दवाखान्यात न्यायचंच. छातीत गेलेलं थोडं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं, म्हणून ती रात्र त्याने डॉक्टरांच्या नजरेखाली काढावी.